ऑलिगो म्हणजे थोडं

लघवीला जावंसं वाटेना, तेव्हा मला आधी आनंदच झाला.

हसू येत असेल तर हसा. मी टेलिफोन ऑपरेटर आहे. ट्रंक बोर्डावर बसलं की कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि पलीकडे अर्जंट कॉल लावून चिडलेलं गिऱ्हाईक. उठायचं तर आपल्या जागी बसायला दुसरी कोणीतरी लागते, आणि ती मिळाली तरी सुपरवायझरचं तोंड वाकडं होतं ते होतंच. म्हणून आम्ही सगळ्याजणी ड्यूटीवर पाणीच पीत नाही. नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात तिला कोड नंबर शिकवतात आणि ही युक्तीही शिकवतात. तर त्या दिवशी माझी अख्खी ड्यूटी एकदाही न उठता पार पडली. शेजारच्या बोर्डावर गोराईची फिलोमिना बसते. तिला मी म्हटलं, "बघ, सकाळपासून हलले नाही. मला मेडल दिलं पाहिजे."

"मेडल कसलं देतात गं, मेमो देतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग उचकी लागली, ती थांबेना. कंबर दोन्ही बाजूंनी ठणकत होती. त्यानंतरच्या सकाळी आरशात बघितलं तर डोळे सुजून बारीक झालेले आणि बांगड्या मनगटात रुतलेल्या. नवरा म्हणाला, "जागरणाने होतं असं." सासूबाई म्हणाल्या, "पित्त आसा गो. पोट रिकामा ठेव नको." आमचं घर बोरिवलीला, त्यामुळे सल्ला द्यायला तीन मजल्यांची बिल्डिंग हजर होती. सगळ्यांचं मत पित्तावरच पडलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र पापणी खाली ओढून बघितली, पायावर अंगठा दाबला, आणि विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?"

मला आठवेना. आयुष्यात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर आपल्याला देता येऊ नये याचा मला असा धक्का बसला की मी नवऱ्याकडे बघायला लागले. जसं काही ते त्याला माहीत असणार होतं.

नाव कळलं तो दिवस

अंधेरीच्या हॉस्पिटलात रक्त घेतलं, नळी घातली, पलंगाखाली खुणा केलेली काचेची बाटली ठेवली. दोन तरुण डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून इंग्रजीत बोलत होते. रोज दिवसभर खरखरत्या लायनीवरून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय असलेल्या बाईसमोर कुजबुजून काय उपयोग? एक शब्द मी बरोबर पकडला.

"डॉक्टर, ऑलिगुरिया म्हणजे काय?"

दोघांतला जो जास्त कोवळा होता, त्याला वॉर्डात सगळे पंकजडॉक्टर म्हणत. तो दचकला. मग स्टूल ओढून बसला. "युरिया म्हणजे इथे लघवी. ऑलिगो म्हणजे थोडं. ग्रीक शब्द आहे. लघवी थोडी होणं."

"एवढंच?" मला हायसं वाटलं. "मग एवढं घाबरवणारं नाव कशाला ठेवता?"

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, दिवसभरात तुम्हाला दोन कप चहाएवढीसुद्धा झालेली नाही. तुमच्या दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्यात. रक्तातली घाण रक्तातच साठतेय. थोडं म्हणतोय तोवर बरंय. आमच्याकडे याच्या पुढचा शब्द 'अजिबात नाही' असा आहे."

"आणि त्याच्या पुढचा?"

त्याने माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. ते मला उत्तरासारखंच वाटलं. मी चाळिशीच्या आतली बाई. मुलगी दहावीला. परवापर्यंत ड्यूटी करत होते, मंडईत भाव करून भाजी आणत होते. माझ्या अंगात काहीही मोडलं नव्हतं, कुठे गाठ आली नव्हती, रक्त सांडलं नव्हतं. फक्त एक रोजची, बोलू नये अशी गोष्ट थांबली होती आणि त्याने माणूस मरतं हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. रडूसुद्धा येईना.

पोटातलं पाणी

हे लिहिते आहे ते अशा कोणासाठी, ज्याला उद्या सकाळी सांगितलं जाणार आहे की पोटाला भोक पाडून धुवायचं आहे. तर ऐका. भोक पाडताना फार दुखत नाही, आधी सुई देतात. बेंबीखाली नळी बसवतात, बाटल्यांमधून पाणी पोटात सोडतात, थोडा वेळ आत ठेवतात आणि परत काढतात. त्या पाण्याबरोबर घाण बाहेर येते. पोट टम्म फुगतं, श्वास पुरत नाही, कूस बदलता येत नाही. मशीनवर रक्त गाळायची सोय शहरात एक-दोन ठिकाणी आहे म्हणे. तिथे नंबर लागेपर्यंत हेच. याला भिऊ नका. याने मी जगले.

भ्यायचं असेल तर तहानेला भ्या. पाणी मोजून मिळतं, तेही औषधाच्या गोळ्यांबरोबर. ज्या बाईने वर्षानुवर्षं हौसेने पाणी टाळलं, ती बाई समोरच्या खाटेवरच्या पेशंटचा तांब्या बघून लाळ गिळत होती. वॉर्डातल्या मावशी कापूस ओला करून माझ्या ओठांवरून फिरवायच्या आणि सिस्टरची पाठ फिरली की बर्फाचा खडा जिभेवर ठेवायच्या. तो खडा विरघळेपर्यंत मी त्यांचा हात सोडत नसे.

पंकजडॉक्टरला वेळ असला की मी त्याला बोलतं करायची. न बोलता पडून राहणं हा माझा धर्म नाही. एकदा विचारलं, "हे तुमचं ऑलिगो आणखी कुठे कुठे लावता हो?" त्याने सांगितलं. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी कमी असलं की ऑलिगोहायड्रॅम्निऑस, तशी एक बाई वरच्या मजल्यावर होती. पाळी कमी वेळा येते ती ऑलिगोमेनोरिया. पुरुषाचं बीज कमी पडलं तर ऑलिगोस्पर्मिया. हे शेवटचं त्याने मान खाली घालून सांगितलं.

"म्हणजे सगळी नाजूक जागेची दुखणी एका आडनावाची," मी म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला. पण नंतर मी त्यावर खूप विचार केला. वरच्या मजल्यावरची ती बाई, आणि कुठल्या तरी घरात मूल होत नाही म्हणून बायकोलाच बोल लावणारा एखादा नवरा, आणि मी. आमचं सगळ्यांचं काहीतरी थोडं पडलं होतं, आणि ते काय हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती. मला भेटायला आलेल्यांना माझा नवरा सांगायचा, "जरा किडनीला सूज आहे." लघवी हा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

शहाळी

मुंबईत आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. घाटकोपरहून माझे दीर आले ते दोन्ही हातांत शहाळी घेऊन. "वहिनी, लघवी अडली ना? हे प्या. अशी साफ होईल की बघत राहाल." आणि नळीच्या बाटल्यांमधून वाट काढत त्यांनी एक शहाळं माझ्या तोंडाशी धरलं. स्ट्रॉसकट.

मी तोंड उघडलं. कोणी उघडणार नाही? इतकी तहान, आणि समोर शहाळं.

केरळची सिस्टर होती, एरवी कधी आवाज न चढवणारी. ती वॉर्डाच्या त्या टोकावरून ओरडली, "मत दो! मत दो उसको!" धावत येऊन तिने शहाळं हिसकावलं, पाणी चादरीवर सांडलं. "मारना है क्या? हार्ट बंद हो जाएगा उसका!"

दिरांचा चेहरा पांढरा पडला. पंकजडॉक्टरने मग त्यांना समजावलं. शहाळ्यात, मोसंबीत, केळ्यात जो क्षार असतो तो एरवी लघवीवाटे निघून जातो. माझ्या अंगातून तो निघायला वाटच नव्हती. तो रक्तात वाढला की हृदय चालता चालता थांबतं. दीर म्हणाले, "पण सगळेच देतात हो." डॉक्टर म्हणाला, "होय. सगळेच देतात."

शहाळी मावशी घेऊन गेल्या. मी ओल्या चादरीवर पडून होते. आमच्या दिरांनी सगळ्यांत धाकट्या दारुड्या भावाला सांभाळलंय, माझ्या मुलीची फी भरलीय, लाखात एक माणूस. आणि एका घोटाने ते मला मारणार होते.

सकाळपासूनचं सगळं

पंकजडॉक्टरच्या वरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना कारण सापडत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "देशी औषध? काढा, भस्म, कोणा वैद्याची पुडी?" मी, माझा नवरा, सासूबाई, तिघांनीही एका सुरात नाही म्हटलं होतं. शपथेवर विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाही.

मग एक दिवस त्या हातात कागद घेऊन आल्या. माझ्या थोडक्या लघवीत त्यांना काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले होते. म्हणाल्या, "औषध राहू दे. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात जातं ते सांगा. चहासुद्धा सोडू नका."

मी सांगायला लागले. "सकाळी उठल्यावर आधी रस, मग चहा, मग पोळी..."

"कसला रस?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या पायाशी स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत त्यांना विचारलं जाण्यासारखं काही नव्हतं. "बिंबळांचो. मीच पिळून देतंय. हिचा ब्लडप्रेशर वाढला ना, म्हणान. रोज उपाशीपोटी, हो एवढो मोठो गिलास. एक दिस चुकवूक नाय."

बिंबळं म्हणजे बोटाएवढी, पोपटी, छोट्या काकडीसारखी दिसणारी फळं. फिलोमिना त्यांना बिमली म्हणते. आंबट इतकी की नुसती बघून दात आंबतात. आमच्या मालवणकडे माशांच्या कालवणात चिंचेऐवजी दोन-चार टाकतात. फिलोमिनाच्या अंगणात झाड लगडलेलं असतं, ती पिशवी भरून आणायची. कुठल्याशा नातेवाईक बाईने सासूबाईंना सांगितलं होतं की रसाने प्रेशर उतरतं. आणि खरंच, मला आठवडाभर हलकं हलकं वाटलंही होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलट्या सुरू झाल्यावर थांबवलं?"

"थांबवतंय कशाक? तेव्हा आणखी दिलंय. तोंडाक चव येवची म्हणान."

बाईंनी हातातला कागद घडी करून ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "आजी, त्या आंबटपणातच विष होतं. दोन-चार फळं आमटीत घातली तर काही होत नाही. पण एवढ्या फळांचा कच्चा रस, रिकाम्या पोटी, आणि ही बाई दिवसभर पाणी पीत नाही. त्याचे खडे होऊन किडनीत अडकलेत. आंबटचुक्याच्या पानांबद्दल मी असं वाचलंय. या फळाचं पहिल्यांदा बघतेय."

"मग तुमी दोनदा विचारलास तेव्हा..." सासूबाई थांबल्या. "तुमी औषध विचारलास. ह्या काय औषध आसा? ह्या खावचा आसा. माज्या आवशीन आमका ह्याच घालून वाढवल्यान. खावच्या वस्तून कोण मराता?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

पॅसेजमध्ये माझा नवरा त्याच्या आईवर ओरडला. जन्मात कधी तिच्यापुढे आवाज चढवला नव्हता, पण तेव्हा अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. "मारायला बसली होतीस का तिला? डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" रोज सकाळी तो रस मी पीत असताना हाच माणूस समोर पेपर वाचत बसायचा, पण त्याचा त्याला विसर पडला होता. मला त्याचं ओरडणं ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आजारी माणूस काही साधुसंत होत नाही. मला सासूबाईंचा असा राग आला होता की त्यांचं लुगडं दिसलं तरी मी डोळे मिटून घेत होते. दुसऱ्या दिवसापासून त्या हॉस्पिटलात आल्या नाहीत.

बाटली

आता फक्त वाट बघायची होती. किडन्या जाग्या होतील किंवा होणार नाहीत. झाल्या नाहीत तर जन्मभर मशीन, आणि ते आमच्यासारख्यांना किती दिवस जमणार होतं हे सांगायला ग्रीक शब्दाची गरज नव्हती. मी सारखी पलंगाखाली वाकून बघायची. नवरा आला की आधी बाटली बघायचा, मग माझं तोंड. मुलगी पुस्तक घेऊन यायची, म्हणायची "आई, प्रश्न विचार," आणि उत्तर देता देता तिचीही नजर खाली. होळी आली आणि गेली. खिडकीतून बोंबा ऐकू आल्या.

मग एका सकाळी मावशी बाटली उचलायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. "अगो बाय," त्या म्हणाल्या, आणि बाटली दोन्ही हातांनी वर धरून वॉर्डभर फिरल्या. "बघा, सतरा नंबरला झाली! सतरा नंबरला झाली!" खाटांवरच्या बायका उठून बसल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सिस्टर हसत होती. माझा नवरा, ज्याला तो शब्द उच्चारता येत नव्हता, तो जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "माझ्या मिसेसला लघवी झाली!"

पुढचे काही दिवस इतकी व्हायला लागली की त्याचीच काळजी लागली. पण ती काळजी मला गोड वाटली. पोटातली नळी निघाली. मला पाणी मिळालं. पेलाभर, साधं, माठातलं. त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही.

चैत्र

घरी आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या नजरेला नजर न देता स्वयंपाकघरात गेल्या. जेवण वेळेवर समोर येत होतं. बोलणं कामापुरतंच. रसाचं नाव कोणी काढत नव्हतं. नवऱ्याने ठरवून टाकलं होतं, "घरातली गोष्ट घरात राहू दे. लोक काय म्हणतील, सासूने विष दिलं?" बिल्डिंगमध्ये सगळ्यांना किडनीची सूजच माहीत होती.

चैत्रातलं हळदीकुंकू यंदा माझ्याकडेच करायचं असा बायकांनी हट्ट धरला. पुनर्जन्म झाला ना माझा. आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं. सासूबाई विधवा. असल्या दिवशी त्या आत ओट्याशी बसून राहतात, बाहेर सवाष्णींत येत नाहीत. कोणी त्यांना तसं सांगत नाही, त्या त्यांच्याच येत नाहीत.

घर भरलं. मी गादीला टेकून बसले होते. वरच्या नाईकवहिनी डाळीची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "काय गं, प्रेशर कसं आहे आता? तो रस परत चालू केलास ना? आम्ही सगळ्या घेतोय हां. तुझ्या सासूबाईंनी सांगितल्यापासून."

सगळ्या? मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. नवऱ्याचं बजावणं डोक्यात होतं, आणि समोर इतक्या बायका हसत बसलेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. मग उंबरठा ओलांडून सरळ सवाष्णींच्या मधोमध आल्या. हात पिठाचे होते.

"बायांनो, माजा आयका. हिका सूज-बीज काय नव्हती. मी हिका बिंबळांचो रस पाजलंय आणि हिच्या किडन्या बंद पडल्यो. मरूक टेकली होती. दुसऱ्या कोणी केल्यान नाय, मी केलंय. तुमकाय मीच सांगितलेलंय. आता मीच सांगतंय, कोणी पिव नकात. घरात आसात तो ओतून टाका. आत्ताच्या आत्ता."

मग नाईकवहिनींनी वाटी खाली ठेवली आणि कुंकू न लावताच उठल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. जिन्यात चपलांची धावपळ झाली.

सासूबाई उरलेल्यांकडे बघत होत्या. "कदमीण खंय आसा? ती येवक नाय?"

"त्यांना कालपासून उलट्या होतायत," कोणीतरी म्हणालं. "पित्त झालंय म्हणे."

सासूबाई अनवाणीच जिना चढल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या वर्षभर वरच्या मजल्यावर गेल्या नव्हत्या, त्यांनी कदमवहिनींना हाताला धरून खाली आणलं, टॅक्सीत घातलं आणि शेजारी स्वतः बसल्या. मी येते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू पाणी पी. बस हयच." अंधेरीला पोचल्यावर डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच त्यांनी काय पोटात गेलं, कोणी सांगितलं, ते सगळं सांगून टाकलं. हे मला नंतर पंकजडॉक्टरने सांगितलं. वेळेवर आणलं म्हणून कदमवहिनींना पोट धुवायची वेळ आली नाही, सलाइनवर भागलं.

सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. दारातच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "झाली गो तिका," म्हणाल्या. "मी बाटली बघलंय."

मला झाली तेव्हा त्या तिथे नव्हत्या. माझी बाटली त्यांनी बघितली नव्हती. त्या तिथेच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, आणि मी उठून त्यांच्या शेजारी फरशीवर जाऊन बसले.